ब्लॉकवरचा ‘के’ कुठल्या महिन्याचा?

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी मी शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये वही-पेन्सिल घेऊन उभा होतो. आजोबा बॉनेटखाली अर्धे आत गेलेले, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा. इंजिनाच्या पार मागच्या अंगाला, जिथे गिअरबॉक्स जोडला जातो तिथे, ते आरशातून काहीतरी वाचत होते आणि मला सांगत होते, ‘‘बी. दोन. चार. नऊ.’’ मी लिहून घेतलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, ‘‘चोवीस फेब्रुवारी एकोणसत्तर. आता बाकीच्यांना विचारू.’’

बाकीचे म्हणजे गाडीचे बाकीचे भाग. गाडी १९६९ची शेव्हरोले कॅमरो झेड-२८, बनली ओहायोतल्या नॉर्वुडच्या कारखान्यात. हा कारखाना १९८७ साली बंद झाला. नॉर्वुड हे गाव सिनसिनाटी शहरानं चहूबाजूंनी वेढलेलं आहे, आणि आम्ही राहतो तिथून ते फार लांब नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. इकडे येण्याआधी पाच वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काढली. त्यामुळे गाडीपेक्षा त्या ‘बी २४ ९’मध्येच माझा जीव जास्त अडकला. तो आकडा कसा आला असेल हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

आपल्याकडे गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि तो ट्रेस आरटीओच्या फॉर्मला लावतात. उद्देश एकच, कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे ना, हे बघणं. अमेरिकेत जुन्या मसल कारच्या, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्यांच्या, बाबतीत हीच गोष्ट फार खोलवर जाते. इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, अगदी काचासुद्धा, प्रत्येकावर स्वतःची तारीख आहे. गाडीचीही एक तारीख आहे. या सगळ्या तारखा एकमेकींशी पटतात का, हे बघून गाडीचं मोल ठरतं. पटल्या तर गाडी ‘नंबर्स मॅचिंग’.

एवढा खटाटोप का, तर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, फार कमी सांगतो. १९६९च्या कॅमरोचा क्रमांक १२४३७९एन अशा अक्षरांनी सुरू झाला तर त्यातला पहिला १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमरो, ३७ म्हणजे कूपे (दोन दारांची बंद गाडी), ९ म्हणजे १९६९चं मॉडेल आणि एन म्हणजे नॉर्वुड. पुढचे सहा आकडे अनुक्रमांक. आठ सिलिंडर कुठले, साधे की झेड-२८चे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. झेड-२८ला ३०२ घनइंचाचं इंजिन होतं, ट्रान्स-ॲम शर्यतीतली पाच लिटरची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं. १९६९ मॉडेलच्या झेड-२८ वीस हजारांच्या वर निघाल्या, साध्या व्ही-८ कॅमरो त्याच्या कितीतरी पट. साध्या गाडीला पट्टे मारून, बिल्ले चिकटवून ती झेड-२८ म्हणून विकणं अवघड नाही. आणि शेव्हरोलेनं अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे कारखान्याचे कागद आज हाती लागत नाहीत. मग उरतं काय? लोखंड. तेच वाचायचं.

आता फाउंड्रीत येऊ. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, बिडाचा (कास्ट आयर्नचा). वाळूचा साचा करायचा, त्यात बीड ओतायचं, थंड झालं की वाळू झाडायची. साचा ज्या पॅटर्नवरून उठतो त्याच्यावर दोन गोष्टी असतात. एक कास्टिंग नंबर, म्हणजे त्या घडणीचा क्रमांक, जो वर्षानुवर्षं तोच राहतो. दुसरी तारखेची छोटी पट्टी, जी रोज बदलावी लागते. आमच्याकडे हे काम पॅटर्नशॉपच्या मिस्त्रीमामांचं. सकाळी पहिला चहा व्हायच्या आत पट्टी बदललेली असायची. एकदा मामा लग्नाला गेले आणि सगळी पाळी आदल्या दिवशीच्या तारखेवर निघाली. दोनशे कास्टिंग्ज. गिऱ्हाइकाकडून विचारणा आली तेव्हा कळलं. सांगायचा मुद्दा असा, की ओतीव तारीख ही माणसानं लावलेली असते, आणि एखाद्या दिवसाच्या फरकावरून आकांडतांडव करणाऱ्यानं कधी फाउंड्री पाहिलेली नसते.

ओतीव आकडे उठावदार असतात, पृष्ठभागाच्या वर आलेले. ठोकलेले आकडे आत गेलेले असतात. हा फरक बोटानं कळतो, आणि पुढची सगळी कथा या फरकावरच चालते. उठावदार आकडे फाउंड्रीचे, खोल आकडे जुळणी करणाऱ्यांचे.

शेव्हरोलेच्या ओतीव तारखेत आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं ओळीनं एलपर्यंत. म्हणून ‘बी २४ ९’ म्हणजे २४ फेब्रुवारी १९६९. तो सोमवार होता. हे ब्लॉक मिशिगनमधल्या सॅगिनॉच्या फाउंड्रीत ओतले जायचे. तिथून दक्षिणेला फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात त्यांचं मशिनिंग आणि जुळणी व्हायची. जुळणी झाली की ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या) समोर जी छोटी सपाट जागा उरते, तिथे पंचानं ठोकायचे. आजोबांच्या इंजिनवर तिथे आहे ‘व्ही ०३०७ डीझेड’. व्ही म्हणजे फ्लिंट, ०३०७ म्हणजे ७ मार्च, आणि डीझेड म्हणजे १९६९चं ३०२ इंजिन. इथे वर्ष नाही, हे लक्षात घ्या. आणि सगळ्यात मोलाची ती शेवटची दोन अक्षरं. एकच कास्टिंग नंबर असलेला ब्लॉक ३०२ म्हणूनही बनवला जायचा आणि ३५० म्हणूनही. ओतकाम तेच, आतला क्रँकशाफ्ट वेगळा. त्यामुळे ‘कास्टिंग नंबर बरोबर आहे, म्हणजे झेड-२८चं इंजिन’ असं कुणी म्हणालं तर मान हलवावी, पाकीट बाहेर काढू नये.

मग ते इंजिन नॉर्वुडला आलं, साधारण पाचशे किलोमीटर. गाडीत बसताना त्याच्यावर आणखी एक नंबर ठोकला गेला, गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा: १, ९, एन आणि सहा आकडी अनुक्रमांक. १९६९च्या गाड्यांत हा नंबर कधी त्याच सपाट जागेवर सापडतो, तर कधी ऑइल फिल्टरजवळ. गिअरबॉक्सवरही तोच ठोकलेला. म्हणजे एका ब्लॉकवर तीन गावांच्या खुणा झाल्या: सॅगिनॉचं ओतकाम, फ्लिंटची जुळणी, नॉर्वुडची गाडी. तीन माणसं, तीन दिवस, तीन वेगळे हात. कोणी खोटं करायला बसला तर त्याला हे तिन्ही हात एकट्यानं वठवावे लागतात, आणि तिथेच तो बहुतेकदा सापडतो.

गाडीची स्वतःची तारीख इंजिनामागच्या पत्र्यावर, एका लहान पट्टीवर असते. तिला ट्रिम टॅग म्हणतात. आजोबांच्या पट्टीवर आहे ‘०३डी’. ०३ म्हणजे मार्च, डी म्हणजे चौथा आठवडा. इथे ए, बी, सी, डी म्हणजे आठवडे, महिने नव्हेत! अक्षरांच्या या खेळानं नवख्या माणसाचं डोकं हमखास फिरतं.

आता ओळीनं लावा. २४ फेब्रुवारीला ब्लॉक ओतला. ७ मार्चला इंजिन जुळलं. मार्चच्या चौथ्या आठवड्यात बॉडी झाली. अकरा दिवस, मग साधारण दोन आठवडे. झकास. तारखा सारख्या असाव्यात अशी अपेक्षाच नाही. बघायचा असतो तो क्रम. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. मूल आईच्या आधी जन्मत नाही, आणि गाडीचं इंजिन गाडीच्या नंतर.

अंतर किती चालेल? यावर गॅरेजागणिक मत वेगळं. ओतकाम आणि जुळणी यांत काही दिवस ते काही आठवडे, जुळणी आणि गाडी यांत आठवडा ते महिना, हे सर्वसाधारण. कॉर्व्हेट गाड्यांची तपासणी करणारी एनसीआरएस ही संस्था सुट्या भागांच्या तारखेला गाडीच्या आधी साधारण सहा महिन्यांपर्यंत सवलत देते. ती मला रास्त वाटते, कारण कारखान्याचं गोदाम म्हणजे शिस्तीत लावलेली बँकेची रांग नव्हे. आमच्या फाउंड्रीत कास्टिंगचे ढीग लागायचे. नवा माल पुढे पडायचा, क्रेनला सोपा म्हणून तोच आधी उचलला जायचा, आणि मागचा ढीग तिथेच गंज खात बसायचा. जो भाग कमी लागतो तो जास्त काळ पडून राहणार. शिवाय संप. नॉर्वुडमध्ये १९७२ साली १७४ दिवस संप चालला. अशा काळातल्या गाडीत सहा महिन्यांपूर्वीचा भाग निघाला तर त्यात नवल काय?

आता शीर्षकातला ‘के’. ब्लॉकवर ‘के १२ ८’ असेल तर तो १२ नोव्हेंबर १९६८. पण त्याच गाडीच्या, मन्सी कारखान्यात बनलेल्या गिअरबॉक्सवर ‘पी ८ के १२’ असेल तर? पी म्हणजे मन्सी, ८ म्हणजे १९६८, आणि के म्हणजे जुलै! मन्सीवाल्यांची बाराखडीच निराळी. ए, बी, सी, डी, ई हे मेपर्यंत सरळ जातात आणि मग एकदम उड्या: जून एच, जुलै के, ऑगस्ट एम, सप्टेंबर पी, ऑक्टोबर आर, नोव्हेंबर एस, डिसेंबर टी. फोर्डचा तिसराच प्रकार. ते एकाशी घोटाळा नको म्हणून ‘आय’ अक्षर गाळतात, आणि त्यामुळे त्यांचा ‘के’ ऑक्टोबरमध्ये पडतो. तेव्हा अक्षर वाचायच्या आधी ते कुणी लिहिलंय हे विचारायचं. सुदैवानं आजोबांच्या गिअरबॉक्सवर ‘पी ९ सी ०३ बी’ आहे. ३ मार्च १९६९, आणि शेवटचा बी म्हणजे एम-२१ हा प्रकार. मेपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं.

‘के १२ ८’ वाचून कुणी म्हणेल, १९६९च्या गाडीत १९६८चं इंजिन कसं? मॉडेलचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष वेगळं. १९६९चं मॉडेल १९६८च्या उन्हाळ्याच्या शेवटी बनायला लागलं, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत आठचा आकडा असणं हेच बरोबर. उलट टोकाला, पुढचं मॉडेल रखडल्यामुळे १९६९च्या कॅमरो नोव्हेंबर १९६९पर्यंत निघत राहिल्या.

यापेक्षा मोठा खड्डा त्या एकट्या ९चा आहे. वर्षाचा शेवटचा आकडाच लिहिलेला, दशक नाही. शेव्हरोलेचा ३९७००१० हा कास्टिंग नंबर १९६९मध्ये आला आणि पुढे दहा वर्षं चालला, ट्रकांतसुद्धा. त्या ब्लॉकवर ‘सी १४ ९’ असेल तर तो १४ मार्च १९६९चा असू शकतो आणि १४ मार्च १९७९चाही. ओतीव आकडा दोन्हीकडे तोच. बाजारात असा ब्लॉक ‘एकोणसत्तरचा, तारखेसकट’ म्हणून मांडलेला मी स्वतः पाहिला आहे. पुढच्या सपाट जागेवरची अक्षरं विचारल्यावर विकणारा म्हणाला, ती घासली गेलीत.

घासली जातात हे खरंच आहे. इंजिन उघडलं की मशिन शॉपवाला ब्लॉकच्या वरच्या अंगाला सरफेस मारतो, आणि तो सपाट तुकडा त्याच पातळीत असल्यामुळे त्याच्यावरचे आकडेही जातात. यात कुणाचं पाप नाही, १९८० साली त्या आकड्यांना कोण विचारत होतं! पाप त्यानंतर होतं. कोऱ्या झालेल्या जागेवर नवे आकडे ठोकले जातात. ओळखायचं कसं? कारखान्यात ही पातळी ब्रोचिंग करून, म्हणजे दात्यांचं हत्यार सरळ ओढून, काढायचे, त्यामुळे तिथे ब्लॉकच्या लांबीच्या दिशेनं अगदी बारीक समांतर रेघा राहतात, भाकरीच्या पिठावर चाळणी ओढल्यासारख्या. नंतर सरफेस मारलेल्या ब्लॉकवर त्या नसतात, किंवा गोलाकार ओरखडे असतात. आकडे आहेत आणि रेघा नाहीत, असं दिसलं की सावध व्हायचं. म्हणूनच ही जागा साफ करताना पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. केरोसिनसारखं काहीतरी आणि मऊ फडकं. आजोबांनी सकाळचे दोन तास त्यातच घालवले, कारण १९६९मध्ये अल्टरनेटर उजवीकडे आला आणि नेमका त्या जागेच्या डोक्यावर बसला. तो काढावा लागला. मग मी कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत घासतात तशी. रेघा उमटल्या. आकडे त्या रेघा तोडून गेलेले, म्हणजे रेघा आधीच्या, आकडे नंतरचे.

एखाद्या ब्लॉकवर तिथे ‘सीई’ आणि पुढे आकडे सापडतात. तो कंपनीनं वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. मूळचा नाही, पण खोटाही नाही. मला अशी गाडी चोख ठोकलेल्या नकली नंबरापेक्षा कितीतरी बरी वाटते, बाजाराला वाटो न वाटो.

इतर भागांचं थोडक्यात. हेडवरची तारीख रॉकर कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि दोन हेडांत काही दिवसांचा फरक असला तर बिघडत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आणि अल्टरनेटरच्या कवचावर वर्ष आधी येतं: ९, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. रॉचेस्टरच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर वर्षातला कितवा दिवस ते लिहितात. ‘०७३९’ म्हणजे १९६९चा त्र्याहत्तरावा दिवस, म्हणजे १४ मार्च. झेड-२८ला मात्र हॉलीचा कार्ब्युरेटर, त्याची पद्धत पुन्हा वेगळी. क्रायस्लरवाले सज्जन, ब्लॉकच्या अंगावर सरळ ३-१४-६९ असं ओततात. फक्त महिना आधी, हे आपण विसरतो. आणि फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांची कारखान्यातली नोंदच विकत मिळते, त्यामुळे मस्टँगवाल्यांना निम्मी झोप जास्त लागते.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजोबांना दोनदा सांगावी लागली, आणि इथेही सांगतो. तारीख नकार देऊ शकते, होकार देऊ शकत नाही. गाडीच्या नंतरची तारीख निघाली तर तो भाग मूळचा नाही, विषय संपला. पण तारीख बरोबर बसली, म्हणून तो भाग याच गाडीचा ठरत नाही. त्या आठवड्यात फ्लिंटमधून शेकड्यांनी इंजिनं निघाली, सगळ्यांच्या तारखा अशाच. याच गाडीचं हे सांगतो तो फक्त ठोकलेला व्हीआयएनचा तुकडा. जाहिरातीत ‘डेट करेक्ट’ लिहिलेलं असतं तेव्हा विकणारा खरं बोलत असतो, पण अर्धंच. काळ जुळतो, घर जुळेलच असं नाही. सातबाऱ्यावर नाव हवं, नुसतं त्या गावात राहून चालत नाही. किमतीतला फरक याच शब्दांच्या फटीत असतो.

आणि म्हणूनच इथे आठवडी बाजारासारखे जे सुट्या भागांचे मेळे भरतात, तिथे गंजका अल्टरनेटर त्याच्यावरच्या तारखेवरून विकला जातो. चालतो की नाही हे नंतर.

आजोबांच्या इंजिनवरचा तुकडा डॅशबोर्डवरच्या नंबराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. गिअरबॉक्सही जुळला. आजींनी लेमोनेड आणलं. मग मी काढून ठेवलेला अल्टरनेटर उचलून त्याच्यावरची माती फडक्यानं पुसली, आणि तिथे ‘९ ई २०’. वीस मे. गाडीच्या दोन महिने नंतरचा. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये एका मेळ्यात त्यांना ३७ अँपिअरचा, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला अल्टरनेटर मिळाला. किती मोजले ते त्यांनी आजींना सांगितलेलं नाही आणि मलाही नाही. घरी आणून बसवला तर चार्जच करेना. सध्या गाडीत मे महिन्याचाच आहे, आणि फेब्रुवारीचा शेल्फवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय. पिशवीवर मार्करनं लिहिलंय, ‘प्रदर्शनापुरता’.